२१ दिवस इन्स्टाग्राम बंद: हा आकडा आला कुठून?

'२१ दिवस इन्स्टाग्राम बंद ठेव, नाद सुटतो आणि अभ्यास आपोआप होतो.' परीक्षा जवळ आली की ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, हा सल्ला हमखास ऐकू येतो. तो चूक आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली एवढंच लिहिलं होतं की, बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. 'किमान' पुढे गळालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात अंदाज निघाला १८ ते २५४ दिवसांचा. तोही सवय लागायला, सुटायला नव्हे!

ॲप काढलं की बोट यूट्यूबवर जातं, कारण टाळायची असते ती असाइनमेंट. 'दुसरं प्रकरण लिहायचं' हे फार मोघम झालं. 'तक्ता ३ खाली चार ओळी' असं ठरवा, आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. उशाशी उलटा ठेवून भागत नाही.