कागदगाळाचे किण्वन

कागद गिरणीच्या सांडपाण्यातून पहिल्या टाकीत तळाशी बसणाऱ्या गाळातील सेल्युलोजची साखर करून, ती आंबवून अल्कोहोल किंवा लॅक्टिक आम्ल मिळवण्याची प्रक्रिया. गाळात मुख्यतः आखूड तंतू, चुनखडीची पूड आणि केओलिन माती असते. पांढऱ्या कागदाच्या लगद्यातले लिग्निन (तंतूंना घट्ट बांधून ठेवणारा पदार्थ) आधीच निघालेले असते, त्यामुळे उसाचे चिपाड शिजवावे लागते तसा हा गाळ आम्लात शिजवावा लागत नाही. वर्तमानपत्रांच्या रद्दीला हे लागू नाही.

सातारा-सांगली भागात किण्वन म्हटले की मळीवरची डिस्टिलरी आठवते. रेठरे बुद्रुक, साखराळे येथील साखर कारखान्यांना ती जोडलेली आहे. मळीत साखर विरघळलेलीच असते. गाळातले तंतू मात्र आधी सेल्युलेज एंझाइमने तोडावे लागतात. त्याला ५० अंश सेल्सिअस आणि ५ च्या आसपास सामू (पीएच) मानवतो, आणि चुनखडी सामू ७ च्या वर धरून ठेवते.

म्हणून काय बनवायचे हे चुनखडीच ठरवते. १०० किलो कोरड्या गाळात ४५ किलो सेल्युलोज आणि ३० किलो चुनखडी धरू. अल्कोहोलसाठी आधी चुनखडी मारायलाच सुमारे २९ किलो गंधकाम्ल जाते, १३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटून टाकी फेसाने उतू जाते, आणि हाती फार तर २५ किलो अल्कोहोल. लॅक्टिक आम्ल हिशेबाने ५० किलोपर्यंत निघू शकते. ते उदासीन करायला लागणारी २८ किलो चुनखडी गाळातच असते. डिस्टिलरीची सवय असलेला माणूस अल्कोहोलकडे वळतो, पण हा गाळ आम्लाचाच.

लॅक्टिक आम्ल बनवणारा बॅसिलस कोॲग्युलन्स हा जिवाणू ५० अंशांतही चांगला वाढतो, त्यामुळे तंतू तोडणे आणि आंबवणे एकाच टाकीत होते. अल्कोहोल बनवणाऱ्या यीस्टला ३५ अंशांच्या वर त्रास होतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये त्याची टाकी थंड ठेवणे हाच मोठा खर्च.

गाळ एकदम टाकू नये. कोरडा भाग १० टक्क्यांच्या वर गेला की तंतू सगळे पाणी पिऊन बसतात आणि ढवळणी अडते. थोडा थोडा, आधीचा पातळ झाल्यावर घालावा. आठवडाभर उघड्यावर पडलेला गाळ आपणच कुजू लागतो. गिरणीत जंतुनाशक वापरले असेल तर किण्वन अडू शकते.

तयार होते ते कॅल्शियम लॅक्टेट. ते गरम असतानाच गाळावे, थंड झाले की खडे धरते. शुद्ध आम्ल हवे असेल तर वाचवलेले गंधकाम्ल इथे घालावेच लागते, आणि किलोभर आम्लामागे जवळजवळ तेवढाच जिप्सम उरतो.