सायकलपटूचे शरीरवजन आणि बीएमआय

नियमितपणे सायकल चालवणाऱ्या व्यक्तीचे वजन, तिची सायकल चालवण्याची क्षमता आणि तिचे आरोग्य यांचा परस्परसंबंध हा क्रीडावैद्यक, आहारशास्त्र आणि भौतिकी या तिन्हींच्या सीमेवरचा विषय आहे. या संबंधाचे मोजमाप म्हणून शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच रोजच्या बोलण्यातला बीएमआय, सर्रास वापरला जातो. हे माप मुळात लोकसमूहांचा अभ्यास करण्यासाठी घडलेले आहे आणि एकेका सायकलपटूला ते लावताना होणारे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १.७५ मीटर उंची आणि ७० किलोग्रॅम वजन असलेल्या प्रौढाचा बीएमआय सुमारे २२.९ येतो. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे निरीक्षण बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले (१७९६–१८७४) यांनी १८३०च्या दशकात मांडले. ते ‘सरासरी माणसा’च्या शोधात होते आणि स्थूलता हा त्यांच्या अभ्यासाचा विषयच नव्हता. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली या सूत्राची इतर सूत्रांशी तुलना केली आणि आज रूढ असलेले नाव त्याला दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये १८.५ पेक्षा कमी बीएमआय म्हणजे कमी वजन, २५ आणि त्यापुढे जास्त वजन आणि ३० पासून पुढे स्थूलता होय. आशियाई लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी बीएमआयला वाढू लागतो, म्हणून २३ आणि २७.५ हे आकडेही सावधगिरीचे टप्पे म्हणून २००४ मध्ये सुचवण्यात आले.

या सूत्राला स्नायू, चरबी, हाडे आणि पाणी यांतला फरक कळत नाही. त्याचे उदाहरण सायकल शर्यतींतच सापडते. सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे ट्रॅकवरील वेगवान स्पर्धक ख्रिस हॉय यांची उंची १.८५ मीटर आणि स्पर्धेच्या काळातील वजन ९२ किलोग्रॅमच्या आसपास होते. म्हणजे बीएमआय जवळजवळ २७ आणि वर्गीकरणानुसार ‘जास्त वजन’. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे टूर द फ्रान्स ही अनेक टप्प्यांची शर्यत जिंकणारे मिगेल इंदुराइन १.८८ मीटर उंचीला सुमारे ८० किलोग्रॅमचे होते, तर १९९८ मध्ये इटलीची तशीच शर्यत आणि टूर द फ्रान्स या दोन्ही एकाच हंगामात जिंकणारे डोंगरी चढांचे वीर मार्को पांतानी १.७२ मीटर उंचीला जेमतेम ५७ किलोग्रॅमचे होते. त्यांचे बीएमआय अनुक्रमे २२.६ आणि १९.३ भरतात. एकाच खेळात तीन अगदी वेगवेगळी शरीरे शिखरावर पोचली, कारण तिघांच्या रस्त्यांची मागणी वेगळी होती.

सपाट रस्त्यावर वेग वाढत जातो तसा हवेचा विरोध हा मुख्य अडथळा बनतो, आणि तो वजनापेक्षा शरीराच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर व बसण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. वजन वाढते त्या प्रमाणात हे क्षेत्रफळ वाढत नाही. म्हणून थोराड बांध्याचा आणि दमदार पायांचा सायकलपटू सपाटीवर मागे पडत नाही, उतारावर तर तो पुढेच असतो. चढावर मात्र प्रत्येक किलोग्रॅम गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलावा लागतो आणि तिथे प्रतिकिलो वॉट, म्हणजे शक्तीला वजनाने भागून येणारा आकडा, निर्णायक ठरतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम असतील आणि तीव्र चढ चढायला एक तास लागत असेल, तर शक्ती तेवढीच राहून एक किलोग्रॅम कमी झाल्यास सुमारे ४५ सेकंद वाचतात. यातील ‘शक्ती तेवढीच राहून’ ही अट बहुधा विसरली जाते. सरासरी २५० वॉट देणाऱ्या त्याच स्वाराने घाईने वजन उतरवताना थोडे स्नायू गमावले आणि त्याची शक्ती अवघ्या तीन वॉटनी घटली, तर तो फायदा जवळपास पुसला जातो. शर्यतीच्या सायकलीचे वजन आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाच्या नियमानुसार ६.८ किलोग्रॅमपेक्षा कमी असू शकत नाही. हौशी स्वार मात्र सायकलीचे शे-दोनशे ग्रॅम घटवण्यासाठी जी रक्कम मोजतात, ती पाहता हा हिशोब त्यांनी कधी मांडलेला दिसत नाही.

सायकल चालवताना शरीर वापरत असलेल्या ऊर्जेपैकी केवळ २० ते २५ टक्के ऊर्जा पेडलपर्यंत पोचते, उरलेली उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल, आणि या योगायोगामुळे पॉवर मीटरवर (पेडलवरची शक्ती मोजणाऱ्या उपकरणावर) दिसणारे किलोज्यूल आणि खर्च झालेल्या किलोकॅलरी यांचे आकडे जवळपास सारखेच येतात. तासभर २०० वॉट म्हणजे ७२० किलोज्यूल आणि ढोबळमानाने तितक्याच किलोकॅलरी. एक किलोग्रॅम शरीरचरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, हे लक्षात घेतले तर रविवारच्या एका लांब फेरीने वजन का उतरत नाही हे कळते. फेरीनंतरची भूक बराचसा खर्च भरूनही काढते.

तरीही फेरीनंतर काटा एक-दोन किलोग्रॅम खाली दिसतो, तो मुख्यतः पाण्यामुळे. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठते आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. हा साठा रिकामा झाला की वजन घटते आणि पोटभर कर्बोदके खाल्ली की दुसऱ्या दिवशी ते परत येते. त्यामुळे रोजच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी केलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी अधिक विश्वासार्ह असते. फेरीच्या आधी आणि नंतर वजन करण्याचा खरा उपयोग घाम मोजण्यासाठी होतो, कारण घटलेला एक किलोग्रॅम म्हणजे जवळपास एक लिटर द्रव. लांब फेरीनंतर वजन वाढलेले दिसले तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले गेले असण्याची शक्यता असते, आणि त्यातून रक्तातील सोडियम घटणे हा प्रसंगी जिवावर बेतणारा विकार आहे.

आरोग्याच्या दृष्टीने सायकलपटूंमधला सर्वांत दुर्लक्षित धोका कमी खाण्याचा आहे. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या इतर कामांसाठी पुरेशी ऊर्जा उरली नाही, तर शरीर काटकसर सुरू करते: संप्रेरके घटतात, हाडांची झीज भरून येत नाही, प्रतिकारशक्ती मंदावते, दुखापती रेंगाळतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव दिले. तोवर ती खेळाडू स्त्रियांपुरतीच चर्चिली जात असे. समजा, १.६५ मीटर उंचीच्या आणि ५८ किलोग्रॅम वजनाच्या एका स्त्रीच्या शरीरात चरबी वगळता ४५ किलोग्रॅम वस्तुमान आहे. ती रोज २,००० किलोकॅलरी खाते आणि सायकलवर ८०० खर्च करते. उरलेल्या १,२०० किलोकॅलरींना ४५ ने भागले तर दर किलोग्रॅममागे २७ पेक्षाही कमी उरतात. स्त्रियांमध्ये ३० च्या खाली दीर्घकाळ राहणे धोक्याचे मानले जाते आणि ४५ च्या आसपासचा आकडा पुरेसा समजला जातो. तिचा बीएमआय २१.३ आहे, म्हणजे कोष्टकानुसार निर्दोष. धोका कोष्टकात कुठेही उमटत नाही. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणे, झोप बिघडणे, सराव वाढूनही वेग न वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. पाळी थांबणे हे कडक सरावाचे स्वाभाविक फळ आहे, हा समज अजूनही पुरता गेलेला नाही. प्रत्यक्षात तेव्हा वैद्यकीय तपासणी करून घ्यायला हवी.

हाडांच्या बाबतीत सायकलिंगची स्वतःचीही एक उणीव आहे. खोगीर वजन पेलते, त्यामुळे गुडघे आणि घोट्यांवर धक्के बसत नाहीत आणि सांध्यांना हा व्यायाम सोसतो. पण हाडे बळकट होण्यासाठी तोच धक्का लागतो. केवळ रस्त्यावरील सायकलिंग करणाऱ्या स्पर्धकांच्या कण्यातील हाडांची घनता कमी आढळते, विशेषतः जेव्हा जोडीला ऊर्जेची कमतरता असते. आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे व्यायाम आणि थोडे धावणे किंवा उड्या मारणे हा त्यावरचा उपाय होय.

ज्यांचा बीएमआय वरच्या टप्प्यात आहे त्यांना सायकलिंग वजन न घटताही लाभते. अमेरिकेतील डॅलस येथील कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घकालीन अभ्यासांत हृदय-श्वसनक्षमता ही अकाली मृत्यूच्या धोक्याची वजनाहून स्वतंत्र निदर्शक असल्याचे दिसून आले. नियमित सायकलिंगने इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि रक्तदाब सुधारतात आणि पोटाच्या आतली चरबी वितळू लागते, मग काटा जागचा हलो वा न हलो. ती चरबी बीएमआयला दिसत नाही, कंबरेच्या घेराला दिसते. हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा निकष म्हणून उपयुक्त ठरतो. वजन उतरवायचेच असेल तर ते सावकाश, स्पर्धांचा हंगाम नसताना आणि दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घेत उतरवावे. लांब फेरीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेण्यात कसर करू नये. भारी स्वारांनी चाके आणि सीटपोस्ट (खोगीर धरणारी नळी) यांच्यासाठी निर्मात्याने ठरवलेली वजनमर्यादा पाहून घेणे श्रेयस्कर.

वाढत्या वयातील मुलांना प्रौढांचे टप्पे लागू होत नाहीत. त्यांचा बीएमआय वय आणि लिंगानुसारच्या तक्त्यांवर पाहिला जातो, आणि शर्यतीसाठी त्यांचे वजन उतरवणे वाढीला बाधक ठरू शकते. उतारवयात उलट अडचण येते: स्नायू घटून त्यांची जागा चरबीने घेतली तरी बीएमआय वर्षानुवर्षे तोच राहू शकतो, म्हणून या वयात वजनाच्या नोंदीबरोबर कंबरेचा घेर आणि पायांतली ताकदही पाहिली जाते.