ब्रश ओठांनी टोकदार करणे

बारीक रंगकाम करताना ब्रशचे केस ओठांत धरून किंवा जिभेवर फिरवून टोक काढण्याची सवय. लाळ किंचित चिकट असते. तिने केस एकत्र राहतात आणि रेघ बारीक येते. कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प या कुंभारवस्त्यांत गणेशमूर्तीचे अंग स्प्रे गनने रंगवता येते, पण डोळ्यांची आखणी शून्य-दोन शून्य नंबरच्या ब्रशनेच करावी लागते. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणि लघुचित्रे यांचेही तेच. गणपतीच्या तोंडावर काम रात्रंदिवस चालते, तेव्हा ब्रश तोंडात किती वेळा जातो याची मोजदाद राहत नाही.

एका वेळी पोटात जाणारा रंग नगण्य असतो. धोका ठरतो तो रंगद्रव्यावरून आणि सवय किती वर्षांची आहे त्यावरून. शिसे सर्वांत वाईट: ते कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत साठते, वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरू शकते. पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, चिडचिड ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की कारण रंगात शोधले जात नाही. मुलांचे शरीर शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषते. हाताखाली रंगवायला बसलेल्या पोराला ही सवय लागू देणे अक्षम्यच.

अमेरिकेत १९१७ पासून न्यू जर्सीतील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या (किरणोत्सर्गी, अंधारात चमकणाऱ्या) रंगाने रंगवणाऱ्या मुलींना ओठांनीच टोक काढायला शिकवले जाई. रेडियमही हाडांत साठते. अनेकींचे जबडे सडले, काही दगावल्या. त्यांच्यापैकी काहींनी कंपनीवर भरलेल्या खटल्यात १९२८ मध्ये तडजोड झाली.

ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा. पीडब्ल्यू १ (शिशाचा सफेदा), पीआर १०५ (शेंदूर), पीवाय ३४ (लेड क्रोमेट), पीआर १०६ (हिंगूळ, म्हणजे पारा), पीजी २१ (आर्सेनिकयुक्त हिरवा) आणि पीवाय ३५, पीआर १०८ (कॅडमियम) तोंडाजवळही नेऊ नयेत. बाजारात सुटी मिळणारी भुकटी शिसेयुक्तच समजावी. भारतात घरगुती व सजावटी रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे, पण पुडीवर काहीच छापलेले नसेल तर ग्राहकाने ताडून पाहायचे कशाशी? ॲक्रिलिकवरचा ‘नॉन-टॉक्सिक’ शिक्का नेहमीच्या वापरापुरता. त्यातही रंग टिकवणारी जंतुनाशके असतात. एनॅमलचा ब्रश थिनरमध्ये बुडवलेला असतो. थिनर गिळला गेल्यास उलटी करवू नये, तो फुप्फुसात उतरतो. थेट दवाखाना गाठावा.

टोक काढायला ओला स्पंज पुरतो. ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवावा, जास्तीचे पाणी फडक्यावर टिपावे, मग ब्रश जवळजवळ आडवा धरून बोटांत गोल फिरवत स्पंजवरून आपल्याकडे ओढावा. तरीही केस फाकत असतील तर रंग मुळाशी, केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या कडेला वाळलेला असतो; तो साबणाने काढावा. ब्रश केसांच्या निम्म्यापेक्षा वर रंगात बुडवला की हे होतेच. काम संपल्यावर साबणाच्या फेसातच टोक वळवून आडवा वाळवावा. रंगाच्या पाण्याचा डबा चहाच्या कपाशेजारी ठेवू नये. जुनी सवय असलेल्याने रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी शिरेतले रक्त लागते, आणि डॉक्टरांना रंगकामाचे आपणहून सांगावे लागते.