उपग्रहाचा पासंग

मंडईत एखाद्या मावशींकडे अजून हातातला तराजू दिसला तर नीट बघा, भाजी टाकायच्या आधी त्या रिकामी पारडी उचलून बघतात, एक बाजू झुकली की दुसरीकडे खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा लावतात. तो पासंग. उपग्रह वर गेला की पहिले काही महिने नेमकं हेच काम चालतं, पण बातमी येते ती लाँचची आणि पहिल्या फोटोची.

मला हे कळलं ते एका गोंधळातून. पुणे किती तापलंय ते बघायला मी लँडसॅट ८ या अमेरिकन उपग्रहाचा डेटा वापरतो, फुकट आहे आणि उपग्रह दर १६ दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो. मे २०१३ ची एक फाइल जुन्या हार्ड डिस्कवर होती, तीच तारीख परवा परत डाउनलोड केली तर अख्खं हडपसर दोनेक डिग्रीने थंड! दोन दिवस मी माझाच फॉर्म्युला तपासत बसलो.

तर झालं असं होतं. लँडसॅट ८ उडाला ११ फेब्रुवारी २०१३ ला, १८ मार्चला कोलोरॅडोचा पहिला फोटो आला, दिसायला झकास. पण त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात जवळजवळ प्रत्येक बँडला (म्हणजे प्रकाशाच्या एकेका रंगपट्ट्याला) सुमारे ७००० डिटेक्टर, म्हणजे प्रकाश मोजणारे बारीक तुकडे, आडव्या रांगेत बसवलेत. पंगतीत सात हजार वाढपी आमटी वाढतायत आणि प्रत्येकाची पळी जरा वेगळी, असं समजा. पळ्या सारख्या केल्या नाहीत तर फोटोत उभे पट्टे दिसतात. म्हणून शटर बंद करून अंधार मोजायचा (हा रिकामा तराजू), आतले दिवे लावून बघायचं, पांढऱ्या पॅनलवर ऊन घेऊन मोजायचं, आणि महिन्यातून एकदा चक्क चंद्राकडे तोंड करायचं. चंद्रच का, तर तिथे ना ढग ना पाऊस ना जलपर्णी, पृष्ठभाग बदलतच नाही. शिवाय २९-३० मार्चला हा नवा उपग्रह जुन्या लँडसॅट ७ च्या खालून नेला, दोघांनी काही मिनिटांच्या फरकाने तीच जमीन टिपली, म्हणजे नव्याचे आकडे जुन्याशी ताडता आले. मला विचाराल तर पूर्ण मिशनमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

याचं फळ म्हणजे साधा हिशोब. खडकवासल्याच्या पाण्यावर एका पिक्सेलमध्ये समजा ७००० आकडा आहे, त्याला ०.००००२ ने गुणा, ०.१ वजा करा, ०.०४ उरले, म्हणजे ४ टक्के प्रकाश परत आला (नंतर सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या साइनने भागायचं, तो वेगळा भाग). गुणायचा आणि वजा करायचा, हे दोन्ही आकडे फाइलबरोबरच येतात.

घोळ झाला तो उष्णता मोजणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यात. जमिनीवरच्या मोजमापांशी त्याचे आकडे जुळेनात, सगळं गरमच दाखवायचा, आणि त्याच्या दोन बँडपैकी बँड ११ तर बँड १० पेक्षा जास्त. कारण सापडलं चंद्रामुळेच! चंद्र फ्रेमच्या बराच बाहेर असतानाही डिटेक्टरवर त्याचं भूत उमटायचं, म्हणजे बाजूचा नको असलेला प्रकाश आतल्या लेन्सच्या कडेवरून उडून आत घुसत होता. आता सातशे किलोमीटरवर जाऊन लेन्स कोण बदलणार? मग फेब्रुवारी २०१४ मध्ये सरसकट एक ठरावीक आकडा वजा करून जुना डेटा पुन्हा प्रोसेस केला, बँड १० ला तो साधारण दोन डिग्रीइतका पडतो. तोही जुगाडच, कारण घुसणारा प्रकाश आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतो, म्हणून प्रत्येक दृश्याचा वेगळा हिशोब करणारी दुरुस्ती २०१७ मध्ये आली. २०२१ च्या लँडसॅट ९ मध्ये मात्र आधीच आडोसे बसवून पाठवलंय.

म्हणजे माझं हडपसर थंड झालं नव्हतं, पासंग बदलला होता. आता डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावात दोन तारखा असतात, पहिली फोटोची, दुसरी प्रोसेस केल्याची, तुलना करताना दुसरी आधी बघा. माझ्या जुन्या फाइलच्या नावात ती तारीख नव्हतीच, तेव्हा तशी पद्धत नव्हती, म्हणून तर दोन दिवस गेले.