गहाण

कर्जाची फेड व्हावी म्हणून ठरावीक स्थावर मिळकतीतला हितसंबंध कर्ज देणाऱ्याकडे हस्तांतरित करणे, याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये गहाण म्हटले आहे. बोलताना आपण सोनेही ‘गहाण ठेवतो’. कायद्याने मात्र ते जंगम वस्तूचे तारण ठरते आणि त्याचे नियम करार अधिनियम, १८७२ मध्ये आहेत. सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरात दिसणारा बोजा म्हणजे दर वेळी गहाणच असते असेही नाही. बोजात मिळकतीतला कोणताही हितसंबंध हस्तांतरित होत नाही, पैसे त्या मिळकतीतून वसूल करता येतात एवढेच. त्यामुळे बोजाची माहिती नसताना पूर्ण किंमत देऊन जमीन घेणाऱ्याविरुद्ध तो सहसा चालत नाही. गहाण मात्र जमिनीबरोबर जाते.

कलम ५८ मध्ये सहा प्रकार आहेत. नजरगहाणात ताबा मालकाकडेच राहतो. पैसे न मिळाल्यास सावकार कोर्टामार्फत मिळकत विकायला लावू शकतो, स्वतः ठेवून घेऊ शकत नाही. ताबेगहाणात जमीन सावकाराकडे जाते आणि तो उत्पन्न व्याजापोटी किंवा मुद्दलापोटी घेतो. त्याला विक्रीचाही दावा लावता येत नाही. मुदतखरेदीबद्दल पुढे सविस्तर आले आहे. इंग्रजी गहाण (परतफेडीच्या बोलीवर पूर्ण मालकीच लिहून देणे), मूळ दस्त जमा करून केलेले गहाण आणि या कोणत्याच साच्यात न बसणारे मिश्र गहाण हे उरलेले तीन. दस्त जमा करण्याचा प्रकार सोडला तर शंभर रुपये वा अधिक रकमेच्या गहाणाला नोंदणीकृत गहाणखत आणि किमान दोन साक्षीदार लागतात. साक्षीदारांच्या सह्यांत चूक राहिल्यामुळे एरवी चोख असलेले गहाणखत कोर्टात टिकत नाही, असे वारंवार घडते.

सगळ्यात जास्त घरे आणि शेते अडकतात ती मुदतखरेदीत. दस्त दिसतो खरेदीखताचा, किंमत आणि चतुःसीमा लिहिलेल्या असतात, आणि शेवटी एक वाक्य येते: ‘पाच वर्षांच्या आत रक्कम परत केल्यास जमीन परत लिहून देऊ, मुदतीत न दिल्यास हीच कायम खरेदी समजावी.’ हे गहाण की खरेदी? १९२९ च्या दुरुस्तीपासून पहिली कसोटी साधी आहे. परत देण्याची अट त्याच दस्तात असली पाहिजे. ती वेगळ्या कागदावर असली, मग तो कागद त्याच दिवशी त्याच टेबलावर सही झालेला का असेना, तर व्यवहार गहाण मानता येत नाही. अट त्याच दस्तात असली तरी गहाण आपोआप ठरत नाही. मग पक्षांचा हेतू पाहतात. किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी आहे का, ताबा खरोखर गेला का, सारा कोण भरत होते, दस्तात कर्ज आणि व्याजाची भाषा आहे का, या बाबी तपासल्या जातात. भास्कर वामन जोशी प्रकरणात (१९६०) सर्वोच्च न्यायालयाने याच मार्गाने जाऊन खरेदीखतासारखा दस्त मुदतखरेदीचे गहाण ठरवला.

या एका उत्तरावर सगळे अवलंबून असते. गहाण ठरले तर, पैसे देय झाल्यापासून तीस वर्षे सोडवणुकीचा, म्हणजे कर्ज फेडून मिळकत परत मागण्याचा, दावा लावता येतो (मुदत अधिनियम, १९६३, अनुच्छेद ६१, आधीच्या १९०८ च्या कायद्यात साठ वर्षे होती). खरेदी आणि वेगळा परतीचा करार ठरला, तर ठरलेली तारीख काटेकोर पाळावी लागते, आणि दाव्याला साधारण तीनच वर्षे मिळतात. ‘भाऊबंदातला व्यवहार आहे, वेगळा कागद कशाला’ म्हणून परतीचे नुसते तोंडी ठेवणारा सर्वांत जास्त फसतो, कारण नोंदणीकृत दस्ताच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा घेतला जात नाही. परतफेडीची अट कुठे लिहिली आहे हे सही करण्याआधी पाहायचे असते. नंतर वकिलाच्या हातात फार थोडे उरते.

कर्ज देणाऱ्याने जमीन गिळू नये ही धडपड आपल्याकडे जुनी आहे. दख्खनेत ‘गहाण लहान’ म्हणून व्यवहार चालत: तारीख चुकली की जमीन सावकाराची. १८६४ मध्ये रामजी विरुद्ध चिंतो या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तारीख उलटली तरी शेतकऱ्याला पैसे भरून जमीन सोडवू दिली. १८७० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मद्रासकडच्या अपिलात उलट मत दिले, की जुन्या हिंदुस्थानी कायद्याप्रमाणे अशी अट शब्दशः अमलात यावी. पुढे १८८२ च्या कायद्याच्या कलम ६० ने सोडवणुकीचा हक्क पक्का केला. मुंबई इलाख्याला तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. मधल्या काळात, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पसरले होते. शेतकरी आधी कर्जरोखे मागत आणि जाळत. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला.

इंग्लंडमध्ये हाच विचार चॅन्सरी न्यायालयांनी (कायद्याच्या अक्षरापेक्षा न्याय्यतेवर निवाडा करणाऱ्या) घडवला: एकदा गहाण ते कायम गहाण. नोक्स विरुद्ध राइस (१९०२) मध्ये एका पबच्या गहाणात अशी अट होती की कर्ज फिटल्यावरही, भाडेपट्टा संपेपर्यंत, त्याच ब्रुअरीची बिअर घ्यायची. हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली, कारण कर्ज फिटल्यावर मिळकत जशी होती तशी परत यायला हवी. भारतीय कोर्टेही हेच सांगतात. त्यामुळे ‘सोडवणुकीचा हक्क सोडून दिला आहे’ असे गहाणखतातच लिहून घेतले तरी त्याला किंमत नाही. दोन्ही कायद्यांची वाट मात्र पुढे वेगळी झाली. पूर्ण मालकी लिहून देण्याची इंग्रजी पद्धत खुद्द इंग्लंडने १९२५ च्या कायद्याने बंद करून तीन हजार वर्षांचा पट्टा किंवा दस्ताने केलेला भार हे पर्याय ठेवले. नुसते दस्त जमा करून गहाण करणेही तिथे १९८९ च्या कायद्यानंतर संपले. आपल्याकडे दोन्ही प्रकार कलम ५८ मध्ये आहेत, आणि गृहकर्जात बँका दस्त जमा करण्याचाच प्रकार रोज वापरतात. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते.

ताबेगहाणाला तीस वर्षांची भीती नाही. सिंग राम प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ताबा परत मागण्याची मुदत गहाणाच्या तारखेपासून नव्हे, तर पैसे फिटल्यापासून धरायची. आजोबांनी ताब्यात दिलेली जमीन नातवाला सोडवता येते ती यामुळे.

बँकेच्या कर्जाला २००२ चा सरफेसी कायदा (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा) लागतो आणि तिथे सोडवणुकीचा हक्क लवकर संपतो. साठ दिवसांची नोटीस आल्यावर वेळ दवडू नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण रक्कम भरावी लागते. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे. परवाना नसलेल्या सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे मुदतीत अर्ज करता येतो.

कर्ज फिटल्यावर मूळ दस्त मोजून परत घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ते तीस दिवसांत दिले पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. नोंदणीकृत गहाण असेल तर फेरखत, म्हणजे गहाण सुटल्याचा दस्त, करून घ्यावे, आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन फेरफाराने बोजा कमी झाल्याचा नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.