काविळीची माळ ते व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड

कावीळ झाली की गळ्यात माळ घालायची, हे मराठवाड्यात माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. ओल्या काड्यांचे पेराएवढे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले. पहिल्या दिवशी माळ गळ्याशी, आठवड्यानं छातीवर, पंधरवड्यानं बेंबीपर्यंत. माळ उतरली, कावीळ उतरली! खरं तर काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल पडतात नि माळ लांबते. इकडे दूषित पाण्यातून झालेली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळ घेऊन जाते. इंटरनेटवरच्या आरोग्य सल्ल्यांची गोष्ट मी इथून सुरू करतो, कारण ‘मला गुण आला’ ही साक्ष तिथंही तशीच चालते.

जाहिरातींवर कायदा तसा लवकर आला. १९५४ साली, मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात असताना, चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना केंद्रानं बंदी घातली. मधुमेह, कॅन्सर, मुतखडा धरून ५४ आजारांची यादीच पुढं कायद्याला जोडली गेली. जाहिरातीची व्याख्या इतकी ऐसपैस की तोंडी पुकारा, उजेड, आवाज, एवढंच काय, धूरसुद्धा तीत बसतो. तरी आठवडी बाजारात भोंगा लावून मुतखड्याची पुडी विकणारा दिसायचाच. पुढं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं.

इंटरनेटवरच्या माहितीची चिंता सुरू झाली ती फार दूर, आणि इंग्रजीत. १९९६मध्ये जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट’ संस्थेनं आरोग्यविषयक संकेतस्थळांसाठी आठ नियमांची आचारसंहिता काढली. १९९७मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी छापून आली: लेकराला ताप आला तर घरी काय करावं, हे सांगणारी ४१ वेबपानं तपासली, तर वैद्यकीय मार्गदर्शनाला नीट धरून असलेली निघाली फक्त चार. त्याच वर्षी ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकानं चार साध्या कसोट्या सुचवल्या. लिहिलं कोणी, आधार काय, पैसा कोणाचा, तारीख कधीची. आजही यापेक्षा सोपं काही मला सापडलेलं नाही. पण या कसोट्या ‘पान’ डोळ्यांपुढं ठेवून केलेल्या होत्या. त्या पानाला लेखक असतो, तळाशी तारीख असते. जिनिव्हाची ती संस्था २०२२च्या अखेरीस बंद पडली.

आमच्याकडं पान आलंच नाही. २०१६च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला आणि वाड्यावस्त्यांवर थेट व्हिडिओ नि फॉरवर्ड पोचले. त्यांना लेखक नाही, तारीख नाही. आहे तो फक्त पाठवणारा, आणि तो घरातलाच असतो.

आता ‘लोक डॉक्टरला सोडून मोबाइलचं का ऐकतात’ असं शहाण्यासारखं विचारणाऱ्यांनी बीडकडं पाहावं. २०१९ साली सरकारनंच विधान परिषदेत आकडा दिला. तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या अनेकींना ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याचं पुढं आलं. चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ही भीती कुठल्या ग्रुपवरून आली नव्हती, ती दवाखान्यातल्या खुर्चीतून आली होती. तिथं एकदा ठेच लागलेलं माणूस दुसरीकडं विचारणारच.

व्हॉट्सॲपनं २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. तीही आजारांमुळं नव्हे, तर मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांतून माणसं मारली गेली म्हणून. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर एकाच दिवशी पाच जणांचा जीव गेला होता. फेब्रुवारी २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी कोरोनाच्या साथीबरोबर ‘इन्फोडेमिक’शी, म्हणजे खोट्या माहितीच्या साथीशीही आपण लढतोय असं सांगितलं. एप्रिलमध्ये, वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल, असा बदल झाला. ऑगस्ट २०२३मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयानं आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांना आपली पात्रता उघड करायला सांगितलं. सरकारी नियम मात्र विकणाऱ्याला आणि प्रसिद्ध माणसाला लागू पडतात. फुकट सल्ला देणारा भाचा कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

एप्रिल २०२१मध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर कापूर-ओव्याच्या पोटलीचा मेसेज आला: ‘हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ त्या चार कसोट्या मी लावून पाहिल्या, एकीलाही उत्तर नव्हतं. काकींनी मात्र पोटली करून पदराला बांधलीसुद्धा. मी म्हणालो, कशाला उगीच? तर म्हणाल्या, “आपल्या भाच्यानं धाडलंय. ते काय खोटं धाडल का?”

ऑक्सिमीटर बोटाला लावला. ९१. पोटली चांगली दहा मिनिटं हुंगल्यावर परत लावला. ९१.

“वाढलं नाही,” काकी म्हणाल्या, “पण उतरलं बी नाही की.”

त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं. पोटली पदराला तशीच होती.