ट्रंक नावाचा घोळ: व्हीलॅनची पार्श्वभूमी

मॅनेज्ड स्विचवर (नेटवर्कच्या केबली जोडायची, सेटिंग बदलता येणारी पेटी) व्हीलॅन, म्हणजे एकाच पेटीत पाडलेली वेगवेगळी जाळी, करायला बसलं की पहिली पंधरा मिनिटं कुणाचंच अडत नाही. क्रमांक द्यायचा, नाव द्यायचं, केबल लावायचे पोर्ट वाटून टाकायचे. गाडी अडते ती दुसऱ्या स्विचला केबल जोडताना, आणि बहुतेक वेळा एकाच शब्दापाशी अडते: ट्रंक.

सोलापुरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर नोंदवायचा आणि मुंबईची लाइन मिळेपर्यंत ताटकळत बसायचं. दोन एक्सचेंजना जोडणारी, अनेकांची बोलणी एकत्र वाहून नेणारी लाइन म्हणजे ट्रंक. (पलंगाखालची पत्र्याची ट्रंक वेगळी; नव्या पोरांना आधी तीच आठवते.) व्हीलॅनची कल्पनाही टेलिफोनवाल्यांच्याच घरातली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या एका संशोधनसंस्थेत इथरनेट, म्हणजे केबलीवरचं नेटवर्क, मोठं कसं करायचं यावर काम चालू होतं. ब्रिजला (दोन जाळी जोडणारी पेटी) ब्रिज जोडत गेलं की फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, गोल गोल फिरू नयेत म्हणून जास्तीच्या वाटा बंद ठेवाव्या लागतात, आणि मग सगळी वर्दळ एकाच झाडाच्या खोडातून जाते. त्यावर तोड अशी निघाली की झाडं अनेक असावीत आणि कुठली फ्रेम कुठल्या झाडाची हे कळायला तिच्यावर एक खूण असावी. त्या खुणेला तेव्हा 'रंग' म्हणत. आजचा टॅग त्याच रंगाच्या वंशातला.

१९९० च्या दशकात स्विच आवाक्यात आले आणि कंपन्यांनी खूण लावायच्या आपापल्या रीती काढल्या. राउटरच्या बाजारातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं अख्खी फ्रेम नव्या पाकिटात घातली: पुढे २६ बाइटचा हेडर, मागे ४ बाइटचा चेकसम (फ्रेम धड पोचली का हे ताडायचा आकडा). मूळ फ्रेमला धक्का लागत नव्हता, पण ते पाकीट त्याच कंपनीच्या पेटीला उघडता यायचं. गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही नामी युक्ती होती, यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही.

१९९८ साली ८०२.१क्यू हे सगळ्या कंपन्यांसाठीचं मानक आलं. त्यानं पाकीट टाळलं आणि फ्रेमच्या आत, पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर, ४ बाइट घुसवले. त्यातले १२ बिट व्हीलॅन क्रमांकाचे. शून्य आणि ४०९५ राखीव, म्हणून हाती ४०९४. फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट झाली आणि चेकसम नव्यानं काढणं भाग पडलं. पण ४ बाइट घुसवण्यापेक्षा जास्त डोकेदुखी झाली ती मानकानं दिलेल्या एका मुभेची: टॅग लावलेल्या रस्त्यावरून बिनटॅग फ्रेमही जाऊ द्यायची. जुन्या, टॅग न समजणाऱ्या उपकरणांची सोय म्हणून ती ठेवली. अशी बिनटॅग फ्रेम आली की ती कुठल्या व्हीलॅनची धरायची हे पोर्टवर लिहिलेला क्रमांक ठरवतो. मानकात त्याला पीव्हीआयडी म्हणतात, त्या मोठ्या कंपनीच्या भाषेत नेटिव्ह व्हीलॅन. दोन टोकांना तो वेगळा पडला की एका व्हीलॅनची वर्दळ दुसऱ्यात मिसळते, आणि केबलवरचे दिवे मात्र हिरवेच.

आता ट्रंक. मोठ्या कंपनीनं टेलिफोनचा अर्थ उचलला: अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट. पण स्विच विकणाऱ्या दुसऱ्या एका नावाजलेल्या कंपनीनं तोच शब्द दोन-चार केबली जुळवून एक जाड केबल करण्याला दिला. त्या कामाला २००० साली लिंक ॲग्रिगेशन असं वेगळं मानक मिळालं, तरी मेनूतला शब्द काही गेला नाही. म्हणजे पेटीवरच्या नावाप्रमाणे 'ट्रंक करा' या सूचनेचा अर्थ बदलतो. मानकाच्या दृष्टीनं प्रश्न इतकाच असतो: या पोर्टवर हा व्हीलॅन आहे का, आणि असल्यास बाहेर जाताना टॅग लावायचा की नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी यात स्वतः पडलो आहे. ऑफिसात एका कंपनीचा स्विच, मागच्या मागांच्या शेडमध्ये दुसऱ्या कंपनीचा, त्याच्या हवेच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा बोटभर थर. ऑफिसच्या वहीत नोंद होती, '२३, २४ ट्रंक'. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, एक केबल शेडकडे, एक गोदामाकडे, दोन्हींवरून सगळे व्हीलॅन. शेडमधल्या स्विचच्या मेनूत ट्रंक सापडला, २३ आणि २४ वर खूण केली, आणि स्विचनं दोन्ही पोर्ट जुळवून एक केले. टॅगचा पत्ताच नाही. टॅगवर चालणारे कॅमेरे बंद पडले, पण शेडमधला बिलिंगचा कॉम्प्युटर ठणठणीत, कारण तो स्विचमध्ये मुळातच असलेल्या व्हीलॅन १ वर बिनटॅग चालत होता. साहजिकच संशय कॅमेऱ्यांवर. दोन कॅमेरे शिडी लावून खाली उतरवले. "सर, ट्रंक तर कालच केलंय की," तिथला पोरगा सांगत होता, आणि त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

वेब पानावरून चालणाऱ्या स्वस्त स्विचनी आणखी एक फाटा फोडला. त्यांत पोर्टला व्हीलॅन ३० चा बिनटॅग सभासद करणं एका पानावर आणि पीव्हीआयडी ३० करणं दुसऱ्या पानावर. दुसरं विसरलं की कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरची मागणी कॅमेऱ्यापर्यंत पोचते, पण कॅमेऱ्याचं उत्तर व्हीलॅन १ मध्ये शिरतं आणि तिथंच हरवतं.

पुढच्या घडामोडींनी शब्दाची उरलीसुरली पतही घालवली. नेटवर्कवरून चालणारे आयपी फोन आले. एकाच पोर्टवर फोन टॅग लावून आणि त्याच्या मागचा कॉम्प्युटर बिनटॅग. वायफायच्या एका पेटीवर ऑफिसचं, पाहुण्यांचं, हजेरीच्या मशीनचं अशी तीन नावं, प्रत्येकाचा व्हीलॅन वेगळा. पलीकडे स्विच नाही तरी पोर्ट ट्रंकच. इंटरनेट पुरवणाऱ्यांना गिऱ्हाइकांचे व्हीलॅन जसेच्या तसे न्यायचे होते, त्यासाठी टॅगवर टॅग चढवण्याचं मानक २००५ मध्ये ठरलं. मोठ्या डेटा सेंटरना ४०९४ सुद्धा अपुरे पडले, आणि २०१४ मध्ये २४ बिटांचा क्रमांक असलेली व्हीएक्सलॅनची पद्धत नोंदवली गेली: १ कोटी ६० लाखांहून जास्त जाळी, तीही पुन्हा पाकिटात घालून.

शेडमधल्या त्या स्विचवर आता चिकटपट्टी लावली आहे: '२३ – ऑफिसकडे. टॅग १०, ३०. बिनटॅग १.' ऑफिसच्या वहीतही तसंच लिहून घेतलं.